छप्पर शांत तर घर शांत

मुळशी म्हटले की शहरातल्या मंडळींना धरण, पाऊस आणि ताम्हिणी घाट आठवतो. आम्ही मात्र इथे बारा महिने राहणारी माणसे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. ताम्हिणीकडे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो. तेव्हा त्याच पत्र्याखाली शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. वर्षावासात ग्रंथवाचन चालू असते, जोराची सर येते आणि वाचणाऱ्याला थांबावे लागते. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी धरते आणि थेंब अंथरुणावर पडतात. या तिन्ही दुखण्यांचे मूळ एकच, आपले छप्पर.

आमच्या आजी-आजोबांचे घर कारवीच्या कुडाचे होते. कुडाला शेणमातीचा गिलावा आणि वर गवत. ते घर गळे, दर साल शाकारावे लागे, आगीची धास्ती कायम असे. त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. पक्के घर हवेच. पण त्या गवताच्या जाड थरात हवा अडकून राही आणि अडकलेली हवा उष्णतेला सहज पलीकडे जाऊ देत नाही. गोधडी ऊब देते ती याच कारणाने. पातळ पत्र्याला असा थर नसतो. ऊन वर पडले की आत झळ लागते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. म्हणून स्लॅबच्या घरातली माणसेही उन्हाळ्यात अंगणात झोपतात.

हा उकाडा सर्वांत जास्त कोण सोसते? चुलीपुढची बाई, अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस, आणि परीक्षेचा अभ्यास करणारी मुले. आमच्या घरी मुलगी दहावीला होती त्या वर्षी दुपारचा अभ्यास ती आंब्याखाली बसून करी. त्यानंतर आम्ही छपराचे मनावर घेतले.

आधी पत्रा घासून त्यावर चुन्यात डिंक कालवून दोन हात दिले. पांढरा रंग उन्हाचा बराचसा भाग परत पाठवतो. आमच्याकडच्या पावसात चुना टिकत नाही, म्हणून दरवर्षी होळीच्या आधी हे काम करतो. मग पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे ठोकले. मधली तापलेली हवा निघून जावी म्हणून दोन्ही टोकांना जाळी ठेवली. आता दुपारी मुले घरात बसतात, पावसाचा आवाज दबला आहे आणि थेंब अंथरुणापर्यंत येत नाहीत.

अहमदाबाद महानगरपालिकेने २०१७ साली गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचा उपक्रम घेतला. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. म्हणजे ही केवळ गरिबाची जुगाड नव्हे.

काही सावधगिरी मात्र पाळावी. सारख्या जाडीच्या विटेपेक्षा थर्माकोलमधून सुमारे वीस पट कमी उष्णता जाते, पण तो झटकन पेट घेतो. चूल किंवा उघड्या वायरीजवळ तो लावू नये. सिमेंटचे पत्रे कापू किंवा घासू नयेत. त्यांत अॅस्बेस्टॉस असल्यास त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. आणि उकाडा रोखण्याच्या नादात चुलीच्या धुराची वाट बुजवू नये.

आपल्यापैकी अनेकांना रमाई आवास योजनेतून घरकुले मिळाली आहेत, काहींची मंजूर आहेत. ज्यांचे बांधकाम व्हायचे आहे त्यांनी स्लॅब पडण्याआधीच गवंड्याशी बोलावे. समोरासमोर खिडक्या, पश्चिमेच्या भिंतीवर सावली, स्लॅबवर वीटकोबा आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे, एवढे तरी मागून घ्यावे. फॅन नंतरही घेता येतो आणि त्याचे बिल दर महिन्याला येते. छपरावर एकदा केलेला खर्च मात्र घरातल्या प्रत्येकाला रोज विसावा देतो.