दिसलेला पत्ता, न पोचलेला पत्ता

कागदावरचा अर्ज आम्हां दोघांना ठाऊक होता. लिहिले ते लिहिले, पोस्टात टाकले की पोचले. संगणकावरच्या अर्जाचे तसे नसते, हे लेकीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी कळले.

"कायमचा पत्ता वरीलप्रमाणेच" या शब्दांपुढे लेकीने खूण केली. लगेच वरचा पत्ता खालच्या रकान्यांत आपोआप उतरला आणि ते रकाने करडे होऊन बंद झाले. सारे ठीक दिसले, म्हणून अर्ज पाठवला. आठ दिवसांनी तो परत! कारण काय, तर कायमचा पत्ता भरलेला नाही. मुदतीला दोनच दिवस उरलेले. लेक रडकुंडीला आली, आणि आम्ही तिलाच बोल लावले.

संध्याकाळी शेजारचा संगणक शिकलेला मुलगा आला. अर्ज पाहून म्हणाला, "काका, काकू, चूक ताईची नाही. या पानात जावास्क्रिप्ट भाषेतल्या सूचना असतात. खूण केली की त्या रकान्याला कुलूप लावतात. कुलपे दोन प्रकारची. 'रीडओन्ली' लावले तर मजकूर बदलता येत नाही, पण अर्जाबरोबर जातो. 'डिसेबल्ड' लावले तर मजकूर डोळ्यांना दिसतो, पण अर्जाबरोबर जातच नाही. इथे दुसरे लावले आहे. निदान अर्ज पाठवताना तरी ते उघडायला हवे होते."

आम्ही विचारले, "मग कुलूप लावले की कुणाला लबाडी करता येत नाही ना?"

तो हसला. "हे कुलूप फक्त आपल्या पडद्यावरचे. जाणकार ते सहज काढतो. म्हणून आलेली माहिती कार्यालयाच्या संगणकाने पुन्हा तपासलीच पाहिजे."

खूण काढताच रकाने उघडले. लेकीने पत्ता स्वतः टंकला आणि अर्ज मुदतीत गेला. त्या रात्री आम्ही तिची माफी मागितली. न समजलेल्या यंत्राचा राग लेकरावर काढणे बरे नव्हे.

आईबापांनो, अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पाठवल्यानंतर त्याची प्रत काढा आणि एकेक रकाना बोट ठेवून वाचा. पडद्यावर दिसले म्हणजे पोचले, असे समजू नका. आणि अर्ज परत आला, तर आधी मुलांचे म्हणणे ऐकून घ्या.