डबा जुना, गाडी नवी

भुयारी रेल्वेची गाडी निवृत्त होते, तेव्हा तिचा डबा मोडकळीला आलेला असतोच असे नाही. सिग्नल यंत्रणा बदलते, विजेच्या सामग्रीचे सुटे भाग मिळेनासे होतात, शहराला मोठ्या आणि वातानुकूलित गाड्या हव्या असतात. डब्याचे धड मात्र अनेकदा शाबूत असते. ते राखून, त्याखाली नवी शक्तियंत्रणा बसवून गाडी कमी वर्दळीच्या प्रादेशिक मार्गावर आणणे हे स्वतंत्र कसब आहे. त्यात सर्वांत कठीण निर्णय पहिलाच असतो: काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे.

या कामाचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण लंडनचे आहे. तेथील डिस्ट्रिक्ट लाइनवर 1980 पासून ‘डी78’ जातीच्या गाड्या धावत होत्या. बर्मिंगहॅमच्या मेट्रो-कॅमेल कारखान्यात बांधलेल्या या गाड्यांची शेवटची प्रवासी फेरी एप्रिल 2017 मध्ये झाली. त्या भंगारात जाण्याआधीच रेल्वे व्यवसायातील जुनेजाणते एड्रियन शूटर यांच्या व्हिवारेल कंपनीने दोनशेहून अधिक डबे विकत घेतले. निवड पारखून केलेली होती. डब्यांचे धड अॅल्युमिनियमचे होते, म्हणजे गंजाची भीती कमी. शिवाय बोगी, म्हणजे डब्याखालचा चाके, धुरे आणि स्प्रिंगांचा सांगाडा, 2000 नंतर बदललेल्या होत्या. डबा पस्तिशीचा असला तरी त्याचे पाय तरुण होते. जुन्या गाडीत पैसा घालावा की नाही, हे ठरवताना जाणकार रंग आणि आसने पाहत नाही. तो आधी खाली वाकून सांगाड्याचे जोड आणि बोगीच्या चौकटीतील भेगा पाहतो. बाकी सारे बदलता येते. धड आणि बोगी दोन्ही बदलायची वेळ आली, तर नवी गाडी घेणेच शहाणपणाचे.

खरा प्रश्न विजेचा. बहुतेक भुयारी गाड्यांना रुळांशेजारच्या संवाहक रुळातून वीज मिळते. लंडनमध्ये तर त्यासाठी दोन जादा रूळ असतात, एक बाजूला आणि एक मधोमध. प्रादेशिक मार्गावर यातले काहीच नसते. म्हणून डब्याखालच्या मोकळ्या जागेत डिझेल जनरेटरचे संच बसवले गेले. इंजिन रेल्वेचे पारंपरिक अवजड इंजिन नव्हते. फोर्डच्या व्हॅनमध्ये वापरले जाणारे 3.2 लिटरचे पाच सिलिंडरांचे इंजिन निवडले गेले. एखादा संच बिघडला, तर डबा न उचलता फोर्कलिफ्टने तो काढून दुसरा लावता यावा, अशी ही मांडणी होती. मोठे वर्कशॉप जवळ नसलेल्या शाखामार्गासाठी हा विचार फार मोलाचा आहे, कारण तेथे एक गाडी बंद पडली की अर्धे वेळापत्रक कोसळते.

वाट सरळ नव्हती. 30 डिसेंबर 2016 रोजी चाचणीदरम्यान पहिल्या नमुना गाडीच्या इंजिन संचाला आग लागली आणि ठरलेली प्रवासी चाचणी रद्द झाली. रस्त्यावरचे इंजिन डब्याच्या पोटात बंदिस्त बसवले की इंधनाची नळी, तापलेला एक्झॉस्ट आणि हवेचा प्रवाह यांचे नाते बदलते. तिथली प्रत्येक नळी नव्याने तपासावी लागते. पुढे एप्रिल 2019 मध्ये बेडफर्ड–ब्लेचली या मार्स्टन व्हेल मार्गावर या गाड्या ‘क्लास 230’ म्हणून धावू लागल्या. डिसेंबर 2022 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, देखभाल थांबली आणि त्या मार्गावरील सेवाही थांबली. डबे ठीक होते, त्यांना सांभाळणारे हात उरले नाहीत. मोजक्या संख्येने रूपांतरित केलेल्या गाड्यांचा हा कायमचा धोका आहे. नकाशे, सुटे भाग आणि तंत्रज्ञ एकाच कंपनीकडे असतील, तर त्या कंपनीचे आयुष्य हेच गाडीचे आयुष्य ठरते.

तरीही त्याच डब्यांनी तीन वेगळी रूपे घेतली. वेल्समध्ये 2023 पासून रेक्सम–बिडस्टन मार्गावर डिझेल आणि बॅटरी अशा जोड शक्तीवर ते धावू लागले. एक गाडी केवळ बॅटरीवर चालवून पाहिली गेली आणि 2025 मध्ये तिने एका चार्जिंगवर 200 मैलांहून अधिक अंतर कापले. आइल ऑफ वाइट बेटावर 750 व्होल्ट डीसीचा तिसरा रूळ आधीच होता, म्हणून तेथे इंजिनाची गरजच पडली नाही. या बेटावर लंडनच्या जुन्या गाड्या 1967 पासून नांदत आहेत. राइडच्या बोगद्याची उंची कमी असल्याने साधे डबे तेथे जातच नाहीत. 1938 साली घडवण्यास सुरुवात झालेल्या जातीच्या गाड्या तेथे जानेवारी 2021 पर्यंत चालल्या. डबा मार्गाला नेमका जुळला की तो किती काळ सेवा देऊ शकतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधायला नको.

प्रवाशाच्या दृष्टीनेही गाडी बदलावी लागते. भुयारी गाडी दहा-पंधरा मिनिटांच्या उभ्या प्रवासासाठी घडवलेली असते. तासाभराच्या प्रवासाला शौचालय लागते, आसने लागतात, सामानाला जागा लागते. चालकाची केबिन धडकेला तोंड देईल इतकी मजबूत करावी लागते, कारण नव्या मार्गावर रस्त्याची फाटके असतात, भुयारात ती नसतात.

महाराष्ट्रात भुयारी गाडीचे असे रूपांतर झालेले नाही, पण जवळचे उदाहरण मुंबईच्या लोकलचे आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर 1500 व्होल्ट डीसीवर पहिली विजेची गाडी धावली आणि पुढे नव्वद वर्षे मुंबईच्या लोकल त्याच दाबावर चालल्या.   डीसीची अडचण साध्या हिशेबात दिसते. 3,000 किलोवॅट शक्ती घेणाऱ्या गाडीला 1500 व्होल्टला 2,000 अँपिअर लागतात, 25,000 व्होल्टला फक्त 120. म्हणून पश्चिम रेल्वेने 2012 मध्ये, मध्य रेल्वेने मुख्य मार्गावर 2015 मध्ये आणि हार्बरवर एप्रिल 2016 मध्ये डीसीला निरोप दिला. संक्रमणाच्या काळात काही जुन्या डीसी रेकवर नवी विद्युत सामग्री चढवून त्या दोन्ही दाबांवर चालण्याजोग्या केल्या गेल्या. ‘रेट्रोफिटेड’ म्हणून त्या कारशेडमध्ये ओळखल्या जात. हे काम कमी लेखले गेले, पण धड तेच ठेवून शक्तीचा स्रोत बदलणे हाच या कसबाचा गाभा आहे.

आज पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात या प्रश्नाचे नवे रूप उभे आहे. माण येथे पुणे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचा डेपो आहे. माण–हिंजवडी ते शिवाजीनगर ही 23 किलोमीटरची उन्नत मार्गिका 750 व्होल्ट डीसीच्या तिसऱ्या रुळावर आखलेली आहे. तिचे डबे कधी तरी निवृत्त होतील. पुणे–लोणावळा किंवा पुणे–दौंड मार्गावर ते जवळपास निरुपयोगी ठरतील. मेट्रोचे गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, 1435 मिलिमीटर, भारतीय रेल्वेचे 1676. म्हणजे बोगी बदलणे आलेच. डबा सुमारे 2.9 मीटर रुंद, तर उपनगरी लोकल 3.66 मीटर, फलाट आणि दारात प्रत्येक बाजूला अख्खा पाय घसरून आत जाईल इतकी फट. त्यावर 25 किलोव्होल्टच्या तारेतून वीज घेणारा पॅन्टोग्राफ आणि ट्रान्सफॉर्मर, आणि इतके वजन छताला व चौकटीला पेलते का याचा नवा हिशेब.

भारतात खरी शक्यता दिल्लीकडे आहे. दिल्ली मेट्रोच्या 2002 पासूनच्या पहिल्या मार्गिका ब्रॉडगेज आहेत, वीज 25 किलोव्होल्ट एसी आणि डबे 3.2 मीटर रुंद, म्हणजे साध्या प्रवासी डब्याच्या जवळपास. गेज आणि वीज दोन्ही जुळतात. उरतात ती फलाटाच्या उंचीनुसार पायऱ्या, मालगाड्यांसोबत एकाच रुळावर धावण्यास लागणारी धडक-क्षमता, भारतीय रेल्वेचे सिग्नल आणि शौचालय. असा डबा लोणावळा–पुणे मार्गावर आणला, तर तो पट्टा बोरघाटाचा 37 ला 1 चढ संपल्यावर सुरू होत असल्याने मोटरांवर असाधारण ताण येणार नाही. मात्र तो आणण्यासाठी आधी लखनौच्या आरडीएसओ या रेल्वे संशोधन संस्थेकडून त्याच्या डोलण्याच्या चाचण्या, मग रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी, आणि या दोहोंच्या आधी प्रत्येक डब्याची बोगी सोडवून, रंग खरवडून सांगाड्याच्या जोडांची तपासणी करावी लागेल.