सुपारी, उचल आणि एम. ए.

सर्जनशील आणि सांस्कृतिक उद्योगांचं व्यवस्थापन या विषयातली एम. ए. ही पदवी मी ब्रिटनमध्ये घेतली. नाव लांबलचक आहे, मराठीत तर आणखीच अवघडून बसतं. ‘म्हणजे इव्हेंट मॅनेजमेंट ना?’ या प्रश्नाला मी बराच काळ मान डोलावून मोकळा होत असे. ते चूक होतं. वर्षभराच्या १८० क्रेडिटच्या अभ्यासात मांडव, माइक आणि पाहुण्यांची ने-आण जवळपास नव्हतीच. प्रश्न एकच होता, निरनिराळ्या विषयांत वाटून दिलेला : कलेच्या व्यवहारात पैसे बुडाले तर ते कोणाचे बुडतात, आणि तरले तर हक्क कोणाकडे राहतात? ही पदवी घ्यावी का, याचं माझं उत्तर त्यावरच ठरतं. हा प्रश्न शिकवत असतील तर घ्यावी. नुसती ‘सर्जनशीलता’ शिकवत असतील तर पैसे वाचवावेत.

कलेला ‘उद्योग’ म्हणणं अनेकांना खटकतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तो शब्द जन्मालाच शिवीसारखा आला. अडोर्नो आणि होर्कहायमर हे जर्मन विचारवंत नाझींपासून दूर अमेरिकेत राहत होते, तेव्हा १९४०च्या दशकात त्यांनी सिनेमा आणि रेडिओच्या साचेबंद मालाला ‘संस्कृती-उद्योग’ म्हटलं, ते नाक मुरडूनच. पन्नासेक वर्षांनी ब्रिटनमधल्या मजूर पक्षाच्या सरकारने तोच शब्द नवे कपडे घालून मिरवला. १९९८ साली तिथल्या संस्कृती खात्याने ‘सर्जनशील उद्योगां’ची पहिली मोजदाद केली. क्षेत्रं धरली १३ : जाहिरात, वास्तुरचना, फॅशन, प्रकाशन, संगीत, रंगमंच वगैरे, आणि त्यांच्याच पंगतीत सॉफ्टवेअर. पंगतीत एक सावकार बसवला की सगळेच खातेपिते दिसतात. सॉफ्टवेअरमुळे एकूण आकडा फुगला, ही टीका तेव्हापासून होत आली आहे. हे सगळं मान्य करूनही मला वाटतं, उद्योग म्हटल्याने कला मरते हा आक्षेप टिकत नाही. शब्द यायच्या कितीतरी आधी व्यवहार होता. तो उघड्यावर मांडायला लाजल्याने फायदा झाला तो फक्त ज्यांच्या हातात वही होती त्यांचा.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत वही आणि वहीसमोर गावोगावच्या जत्रा कमिटीची माणसं. सुपारी, म्हणजे एका रात्रीच्या खेळाचा सौदा, ठरते ती नुसत्या फडाच्या नावावर नाही, तिथीवरही. ज्या तिथीला अनेक गावांच्या जत्रा एकाच रात्री येतात तिचा भाव चढा. मधल्या कोरड्या दिवसाचा उतरता. विमान कंपन्या आणि हॉटेलं हेच करतात. वर्गात त्याला भारदस्त नाव आहे, सोबत आलेखही आहे. राहुटीत ते आलेखावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण नुसता सुपारीचा भाव बघून फडाचं अर्थकारण कळत नाही, ते दडलेलं असतं उचलीत. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यायची, त्यासाठी मालकाने व्याजाने पैसा उभा करायचा, आणि मग एकेक रात्र नाचवून-गाजवून तो फेडत न्यायचा. कलावंत मालकाशी बांधलेला, मालक सावकाराशी, आणि सगळे मिळून अवकाळी पावसाशी. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली ती ऐन जत्रांच्या तोंडावर. पुढच्या वर्षीचा हंगामही तसाच गेला. उचल वाटून झालेली होती, रात्री मात्र लागल्याच नाहीत. फडमालकांना धंदा कळत नव्हता, असं म्हणायची माझी हिंमत नाही. धंदा त्यांना पदवीधरांपेक्षा जास्त कळतो. पण सगळी जोखीम एकाच वहीत साचत होती, आणि ती कशी वाटून घ्यावी यावर विचार करणं हे हंगामात रोज गाव बदलणाऱ्या माणसाच्या आवाक्यातलं काम नव्हे.

नाटकाचं गणित निराळं, पण दुखणं त्याच जातीचं. १९६६ साली बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, कारखान्यात दर तासाचं उत्पादन वाढत जातं, वाद्यवृंदात वाढत नाही. चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनाच, तेवढाच वेळ वाजवावी लागते. बाहेरची मजुरी वाढली की कलेचा खर्च वाढतो, उत्पादन मात्र आहे तिथेच. हे वाचल्यावर मराठी व्यावसायिक नाटक मला वेगळं दिसायला लागलं. नटांची ‘नाइट’ म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, थिएटरचं भाडं, सेटचा ट्रक, बसचं डिझेल, बॅकस्टेजची माणसं, पेपरातली जाहिरात : यातलं काहीच स्वस्त होत नाही. तिकीट वाढवायला जावं तर प्रेक्षक बिचकतो. मग कात्री कुठे लागते? पात्रांना. पाच अंकांची, रात्रभर चालणारी संगीत नाटकं गेली, दोन अंकी आली, आणि चार-पाच पात्रांत आटोपणारी संहिता निर्मात्याला सोयीची वाटू लागली. आपण याला अभिरुचीतला बदल म्हणतो. अभिरुची बदललीही असेल, पण हिशेबाने तिला बरंच ढकललं, असं माझं मत आहे. शिवाय आज रात्रीची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. खुर्च्यांच्या प्लॅनवर शेवटच्या रांगा पांढऱ्या राहिल्या की त्या कायमच्या गेल्या.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा की हे सारं तिकीट खिडकीवर उभं राहून शिकता येतं, त्याला परदेशी पदवी कशाला? खिडकी शिकवते, नक्कीच. मराठी नाटकातले मुरलेले व्यवस्थापक कुठल्याही विद्यापीठातून आलेले नाहीत. पण खिडकी जे चालतं तेच शिकवते, मोडतं कसं ते सांगत नाही. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीकडे काय कमी होतं? बालगंधर्वांचा गळा होता, जीव टाकणारा प्रेक्षक होता, शालू-अत्तरांचा थाट होता. तरी कंपनी कर्जात रुतली, आणि ते फेडण्यात ऐन उमेदीची वर्षं गेली. ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीचंही तसंच. १९२९मध्ये कोल्हापुरात निघालेली, १९३३मध्ये पुण्याला आलेली ही कंपनी कलेत कुठे कमी पडली नव्हती. १९४२मध्ये तिचे दिग्दर्शक व्ही. शांताराम बाहेर पडले आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत पडदा पडला. त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिचं नाव झालं ते दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांच्यासाठी. ज्या जागेत एक नामवंत कंपनी मोडली, तिथे कंपनी कशी टिकवायची याची विद्या केंद्रस्थानी आली नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

अभ्यासातला हक्कांचा भाग सर्वांत रुक्ष, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं १९वं कलम नाटककाराने तरी घरी लावून ठेवावं. हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही नसल्यास, ते परत येतात. २०१२च्या दुरुस्तीने सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना आणखी एक ढाल दिली : चित्रपटगृहाबाहेर गाणं वाजलं तर रॉयल्टीतला त्यांचा वाटा निर्मात्याला करारानेही गिळता येत नाही. आपल्याकडे मात्र दर प्रयोगाच्या मानधनाचा आकडा तोंडी ठरतो आणि बाकीचं ‘आपल्यातच आहे’ म्हणून सोडलं जातं. कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असा समज आहे. खरं तर कागद नसतो तेव्हाच संबंध तुटतात.

आता पदवीच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात, कारण त्या झाकणं म्हणजे माहितीपुस्तिका लिहिणं. परदेशी विद्यार्थ्यांची फी इतकी की ती भरू शकणारा माणूस बहुधा आधीच सुरक्षित असतो. त्यानंतर अनुभवासाठी बिनपगारी काम करायची पाळी येते, तेही त्यालाच परवडतं. म्हणजे जोखमीचं न्याय्य वाटप शिकवणारा अभ्यासक्रम स्वतःची सगळी जोखीम विद्यार्थ्याच्या कर्जावर टाकतो. हीसुद्धा एक उचलच. उदाहरणं लंडनची, अनुदानंही तिथली. कला मंडळाचं अनुदान गृहीत धरून शिकवलेला अंदाजपत्रकाचा पाठ सुपारीवर जगणाऱ्या फडाला जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून हे शिक्षण मराठीत, इथल्या वह्यांवर व्हावं असं मला वाटतं. अडचण एवढीच की त्या वह्या कोणी जपलेल्या नाहीत. हंगाम संपला, सावकाराचं फिटलं किंवा नाही फिटलं, वही रद्दीत जाते आणि पुढच्या पाडव्याला राहुटीत नवी कोरी वही उघडते.