एकोणऐंशी

मराठी विभागासाठी मी लिहितेय हे कळल्यावर माझी रूम पार्टनर पाच मिनिटं हसत होती. तिचं काही चुकलं नाही म्हणा. तिसरीपासून दहावीपर्यंत मी पाचगणीला, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये. मराठी हा विषय होता, पण तो पेपरापुरता. अजूनही मी भांडते मराठीत आणि बेरीज करते इंग्रजीत. तेव्हा या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या, बाकीच्या माझ्या. त्यातल्याच एका चुकीची ही गोष्ट आहे.

सेकंड इयरची परीक्षा संपवून मे महिन्यात घरी गेले. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. पहिले चार दिवस झोपण्यात गेले. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "मोबाईल घेऊन लोळण्यापेक्षा वाचनालयात जा. त्यांना कॉम्प्युटर येणारं माणूस हवंय." पैसे मिळणार नव्हते. पण रेझ्युमेमध्ये 'व्हॉलंटियर वर्क' असा एक रकाना असतो, आणि माझा तो रकाना कोरा होता. इतक्या थोर हेतूने मी समाजसेवेला निघाले.

वाचनालय आमच्या घरापासून चार मिनिटांवर, एस.टी. स्टँडच्या मागे. मी तिथे कधीच गेले नव्हते. पुस्तकांशी वैर होतं असं नाही. शाळेतून आम्हाला भिलारला नेलं होतं. भिलार म्हणजे पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालेलं. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्या घरात इतिहास, तिसऱ्यात मुलांची पुस्तकं. कोणाच्याही ओसरीवर बसा आणि वाचा! आम्ही काय केलं? फोटो काढले, स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं आणि बसमध्ये येऊन बसलो.

आमच्या वाचनालयात स्ट्रॉबेरी क्रीम नाही. खाली वर्तमानपत्रांची उतरती लाकडी टेबलं, आत पत्र्याची कपाटं, वर एक हॉल. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. ग्रंथपाल काकू एकट्याच, आणि झाडण्यापासून दिवाळी अंकांना कव्हरं घालण्यापर्यंत सगळं करणारे एक मामा. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं हजारोंनी आहेत. १९६७ च्या कायद्याप्रमाणे त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. (आमच्यासारखंच. फक्त आम्हाला ग्रेड खराब आली तर केटी लागते, त्यांना पगार कमी लागतो.) काकूंचा महिन्याचा पगार किती हे मी इथे लिहीत नाही. आपल्या मेसचं दोन महिन्यांचं बिल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. तेवढ्यात त्या बावीस वर्षं कुलूप उघडतायत.

माझं पहिलं काम मुलांचं ठरलं. सुट्टीत दर शनिवारी वरच्या हॉलमध्ये 'गोष्टींचा तास' असायचा. मी एकदम प्रोफेशनल तयारी केली. रंगीत पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म. फॉर्म एकानेही भरला नाही. मामांनी बाजारातून येता येता चार पोरांना "शनिवारी या रे, बिस्किट आहे" असं सांगितलं, तर अठ्ठावीस मुलं आली! बहुतेक सगळी जिल्हा परिषदेच्या शाळेतली. इंग्लिश मीडियमची दोन, आणि ती आईचा हात सोडत नव्हती.

मी गोष्ट वाचायला घेतली. मोठ्याने मराठी वाचणं म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. मनात वाचताना आपण अवघड शब्दावरून उडी मारून जातो. अठ्ठावीस पोरं समोर बसली की उडी मारता येत नाही. एका राजाचं वय आलं, 'त्रेसष्ट'. मी जरा थांबले. पुढच्या रांगेतली चौथीतली एक मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, म्हणाली, "ताई, म्हातारा होता म्हणा. पुढे काय झालं?" सगळी पोरं हसली. मीही हसले. तेव्हा ते विनोदीच वाटलं होतं.

खरं काम दुसरं होतं. जूनमध्ये तपासणी होती आणि त्याआधी सगळी देवघेव एक्सेलमध्ये आणायची होती. कोणत्या सभासदाकडे कोणतं पुस्तक, कधीपासून. सगळं जाड रजिस्टरांत, काकूंच्या आणि त्यांच्याआधीच्या ग्रंथपालांच्या हस्ताक्षरात. मोडीच्या खालोखाल अवघड. म्हणून ठरलं की काकूंनी वाचायचं आणि मी टाइप करायचं. "सभासद एकशे बेचाळीस, दाखल नंबर तीन हजार सहाशे सात…" अडलं की मी विचारायची, "बेचाळीस म्हणजे फॉर्टी टू ना?" काकू हो म्हणायच्या. मग रोज विचारायची लाज वाटायला लागली. विचारणं बंद केलं.

नऊ दिवसांत काम झालं. एक फिल्टर लावला आणि दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी एका क्लिकवर समोर! कार्यकारी मंडळातले दोघे जण बघायला आले. "वा वा, नवी पिढी" वगैरे झालं. ज्यांचे नंबर होते त्यांना मेसेज गेले, ज्यांचे नव्हते त्यांना पोस्टकार्डं. मजकूर जुन्या छापील नमुन्यातला: 'आपणाकडून खालील पुस्तके येणे आहेत. आठ दिवसांत जमा न केल्यास किंमत वसूल करण्यात येईल.' पत्ते मीच घातले. एक कार्ड आजीव सभासद क्रमांक ८९ यांना गेलं. तीन पुस्तकं, दोन वर्षं चार महिने.

८९ नंबर म्हणजे गुरुजी. निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. (हा आकडा आता मला येतो.) रोज सकाळी साडेआठला येणार, खिडकीजवळची खुर्ची, आधी अग्रलेख, मग निधनवार्ता, मग पुस्तक बदलणार. कार्ड गेल्यावर गुरुजी यायचे बंद झाले. मला वाटलं, बघा, थकबाकीदार तोंड लपवतात.

पाच-सहा दिवसांनी त्यांचा नातू एक पाकीट घेऊन आला. काकू त्या दिवशी सुट्टीवर होत्या. पाकिटात पाचशे चाळीस रुपये आणि वहीच्या कागदावर ओळीने लिहिलेली चिठ्ठी. तीन पुस्तकं घरात कुठेही सापडली नाहीत, नेल्याचंही आठवत नाही, वयोमानाने विस्मरण झालं असावं, किंमत पाठवत आहे, क्षमा असावी. अक्षर फळ्यावरच्यासारखं. मी पावती फाडली आणि एक्सेलमध्ये त्या ओळीला हिरवा रंग दिला. पहिली वसुली! संध्याकाळी घरी सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंना एका बाईंचा फोन आला. मेसेज बघून त्या तापल्या होत्या. "मी जन्मात कधी शिकारकथा नेल्या नाहीत, माझ्या नावावर कशा?" काकूंनी रजिस्टर काढलं, मग माझी शीट बघितली, मग पुन्हा रजिस्टर. मग चष्मा काढून मला विचारलं, "एकोणसाठ म्हणजे किती गं?"

मी ठणकावून सांगितलं, "सिक्स्टी नाइन."

लाल रिबिनीवाली मुलगी पुस्तक बदलायला आली होती. ती आता हसली नाही. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

माझं लॉजिक असं होतं: साठ ऐकू आलं, नऊसारखं काहीतरी ऐकू आलं, म्हणजे एकोणसत्तर. म्हणजे सिक्स्टी नाइन हो! एकोणतीस, एकोणचाळीस तारखांमुळे आणि भाड्यामुळे माहीत होते. त्यापुढचा प्रत्येक 'एकोण' मी दहाने पुढे ढकलला होता. एकोणऐंशी ऐकलं की ८९ टाइप. बाकी बत्तीस काय नि चौसष्ट काय, सगळं बरोबर. फक्त नऊवर संपणारे चुकीचे. डीबगिंग करणाऱ्यांना कळेल, असली चूक किती वाईट असते. सगळं चुकलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

एकूण अकरा नोंदी निघाल्या. त्यातल्या काहींनी मेसेज वाचलेच नव्हते, काही फोनवर भांडले, एकाने "बघतो" म्हणून सोडून दिलं. पैसे पाठवले एकट्या गुरुजींनी.

काकू मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मीच विचारायला हवं होतं, आकडे येतात का म्हणून. पण इंजिनिअरिंगच्या मुलीला कसं विचारायचं?" मग त्यांनी रजिस्टर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं, वर ते पाचशे चाळीस रुपये. "तूच जा. फोटो दाखवू नकोस मोबाईलवर, हे दाखव."

गुरुजींचं घर गावठाणात, मारुतीच्या देवळामागे. दार आजींनी उघडलं. माजघरात दोन ट्रंका उघड्या होत्या, माळ्यावरचे खोके खाली काढलेले, भिंतीला शिडी अजून तशीच टेकवलेली. मी वाचनालयातून आले म्हटल्यावर आजी हळू आवाजात म्हणाल्या, "चार दिवस शोधतायत गं. काल कपाटाच्या किल्ल्या मुलाकडे देऊन टाकल्या. म्हणे, आता माझा भरवसा नाही. पुण्याला मुलीने डॉक्टरांची वेळ घेतलीय."

व्हायवाला एक्स्टर्नलसमोर माझी जीभ बऱ्याचदा टाळ्याला चिकटलीय, पण अशी नाही. बाहेर खुर्चीत गुरुजी बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, इंग्रजी-मराठी मिसळून, उलटसुलट. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी नेली नव्हती?"

"नाही गुरुजी."

"म्हणजे विसरलो नव्हतो."

"नाही. माझी चूक होती."

त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं. पान काढलं, नोंदीवर बोट ठेवून पुटपुटत वाचलं. नंबर, नाव, तारीख, सही. मग पुन्हा एकदा वाचलं. मग आत बघून जोरात म्हणाले, "अहो, ऐकलंत का? एकोणऐंशी नंबर आहे. आपला नाही." आजी दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच आत गेल्या. मला वाटतं त्या आधी शिडी उचलायला गेल्या.

मग गुरुजींनी पैसे मागितले. मला मनातून वाटत होतं की ते "राहू दे, वाचनालयालाच ठेव" असं काही म्हणतील. सिनेमात म्हणतात तसं. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, पावती रद्द केल्याचं माझ्याकडून लिहून घेतलं, खाली सही, तारीख. हिशेब म्हणजे हिशेब.

"बस," म्हणाले. "एकोण म्हणजे काय सांगितलं होतं शाळेत?"

मी गप्प.

"एक ऊन. ऊन म्हणजे उणा. साठाला एक उणा, तो एकोणसाठ. पुढचा दहा आधी बघायचा आणि एक पाऊल मागे यायचं."

मी बचावाचा एक प्रयत्न करून बघितला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन, सत्तर दोन' असं संख्यावाचन आणलं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकरांनी त्याची बाजू मांडली होती. जोडाक्षरांमुळे मुलांना संख्या अवघड जातात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तसं असतं तर काकू 'सत्तर नऊ' म्हणाल्या असत्या आणि माझी चूक झालीच नसती. मला अजूनही वाटतं की या बोलण्यात तथ्य आहे. गुरुजींनी त्यावर माझ्याकडे जसं पाहिलं, ते बघून त्यांच्या वर्गात कोणाची उजळणी चुकत नसणार हे कळलं.

"म्हण," म्हणाले. "एकोणीसपासून सगळे एकोण."

मी सुरू केलं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास… एकोणसाठला बोटं मोजायला लागले. आतून आजींचा आवाज आला, "अहो, तिला आधी चहा तरी पिऊ द्या."

दुसऱ्या दिवशी साडेआठला गुरुजी वाचनालयात हजर. अग्रलेख झाला, निधनवार्ता झाल्या. मग काउंटरपाशी येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी काकूंना विचारलं, "काय हो, त्या एकोणऐंशी नंबरने पुस्तकं आणून दिली का?"

नव्हती दिली. अजूनही दिलेली नाहीत. एकोणऐंशी नंबर कोणाचा ते मी इथे सांगत नाही, कारण ते गृहस्थ कार्यकारी मंडळात आहेत, आणि "वा वा, नवी पिढी" म्हणणाऱ्या दोघांपैकी एक तेच होते.