हरितपट्ट्याची हद्द

बाग म्हटली की आम्हा पुणेकरांच्या डोळ्यांपुढे आधी येते ते फाटक. फाटकाला कुलूप, कुलपाची किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेला आणि शेजारी उघडण्या-मिटण्याच्या वेळांचा व निषिद्ध गोष्टींचा फलक. फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये आणि त्याच यादीत हमखास एक ओळ : सायकल आत आणू नये. बाग ही 'जाण्याची' जागा असते, तिच्यातून कुठे पोचायचे नसते. पोचण्यासाठी रस्ता असतो, आणि रस्त्यावर सावलीची, फुलांची वा निवांतपणाची अपेक्षा करणे हा अरसिकपणा नसला तरी भाबडेपणा खासच आहे. या दोन कल्पनांची फारकत आमच्या मनात इतकी पक्की होती की बाग हाच रस्ता असू शकतो, हे प्रत्यक्ष पाहूनही ते उमजायला आम्हाला बरेच महिने लागले.

ज्या गावात ते उमजले त्याचे नाव डेव्हिस. उत्तर कॅलिफोर्नियातील, सॅक्रामेंटोच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, टोमॅटो आणि बदामांच्या सपाट शेतांमध्ये वसलेले विद्यापीठाचे गाव. २०२०च्या जनगणनेनुसार वस्ती सदुसष्ट हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडचे एखादे मध्यम तालुक्याचे ठिकाण. नगराचे बोधचिन्ह म्हणजे जुन्या काळची ती पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले असलेली सायकल. आम्ही दोघे गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस तिथे शिकायला गेलो, तेव्हा विद्यापीठाच्या नियमानुसार जुन्या बाजारातून घेतलेल्या सायकलींची नोंदणी करून वर चिकटपट्टी लावावी लागली. आमच्यापैकी एकाच्या वडिलांच्या सायकलीला पुणे नगरपालिकेचा पितळी बिल्ला असे. तो बिल्ला आणि ही चिकटपट्टी यांच्यामध्ये एक पिढी आणि दोन महासागर होते, तरी त्या क्षणी आपल्याच गावी आल्यासारखे वाटले खरे.

आम्ही सोडून आलो ते पुणे एव्हाना सायकलींचे शहर राहिले नव्हते. डबलसीट बसल्याबद्दल किंवा डायनॅमोचा दिवा बंद असल्याबद्दल पोलिसाने शिट्टी मारावी, हा जुन्या पिढीच्या आठवणींचा भाग झाला होता. पुढे २००८च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास तिथे सायकलमार्ग बांधले गेले. सुट्टीत गेल्यावर ते आम्ही पाहिले आहेत. मधोमध झाड, पुढे विजेचा खांब, त्यापुढे पावभाजीची गाडी आणि मग मार्गच अंतर्धान पावलेला. २०१७ साली महापालिकेने सविस्तर सायकल आराखडाही मंजूर केला. त्याविषयी पुण्यात राहणाऱ्यांनीच लिहावे.

डेव्हिसची कहाणी मात्र आराखड्यापासून सुरू होत नाही. १९५९ साली तिथल्या कृषिमहाविद्यालयाला विद्यापीठाचे पूर्ण रूप मिळाले आणि विद्यार्थिसंख्या भराभर वाढू लागली. कुलगुरू एमिल म्राक यांनी विद्यापीठाच्या गाभ्यातून मोटारी हद्दपार करून तो सायकलींसाठी आखून घेतला आणि नव्या विद्यार्थ्यांना येताना सायकल घेऊन यायला सांगितले. गावाच्या रस्त्यांवर मात्र मोटारी वाढत होत्या. तेव्हा फ्रँक चाइल्ड हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी ईव्ह काही काळ हॉलंडमध्ये राहून परतले आणि तिथल्यासारखे सायकलींचे स्वतंत्र पट्टे इथे का नसावेत, असे त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारले. पत्रातून एक नागरिक-गट उभा राहिला, गटाने सह्या गोळा केल्या. नगरपरिषदेने फारसे मनावर घेतले नाही, तेव्हा १९६६ची निवडणूकच या प्रश्नावर लढवली गेली आणि पट्ट्यांच्या बाजूचे उमेदवार निवडून आले. पण रस्त्याचा एक भाग सायकलींसाठी राखून ठेवण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात नव्हती. ती करून घ्यावी लागली, आणि १९६७ साली त्या विधेयकावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. अमेरिकेतले पहिले सायकल-पट्टे त्याच वर्षी या गावात आखले गेले.

त्यांनी एकच नमुना खरा मानून गावभर छापला नाही, ही गोष्ट आम्हाला त्या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते. काही रस्त्यांवर उभ्या मोटारी आणि पदपथ यांच्यामध्ये पट्टा, काही ठिकाणी उभ्या आणि धावत्या मोटारींच्या मध्ये, सायकमोर लेनवर मध्ये अडसर घालून पूर्ण वेगळी वाट. मग निरीक्षण केले. अडसर घातलेल्या वाटा चौकांत घोटाळा करतात असे तिथल्या अभियंत्यांचे मत पडले आणि त्या मोडीत निघाल्या. गंमत अशी की त्यानंतर चाळीसेक वर्षांनी साऱ्या अमेरिकेने अडसराच्या वाटा नव्याने डोक्यावर घेतल्या. असो. करून पाहावे, मोजावे, नको असेल तर पुसून टाकावे, असे रंगाच्या डब्याने चाललेले नगरनियोजन आम्ही तोवर पाहिले नव्हते.

बाग आणि रस्ता यांचे लग्न लागले ते नंतर, हरितपट्ट्यांत. ज्यांना तिथे ग्रीनबेल्ट म्हणतात ते शहराभोवतीचे कडे नसून घरांच्या मागून, शाळांच्या कडेने, तळ्यांच्या काठाने वाहणारे हिरवे ओढे आहेत. त्यांच्या मधून डांबरी वाट जाते, मोठे रस्ते आडवे आले की ती भुयारातून खाली शिरते, आणि महामार्ग आडवा आला की पुलावरून पलीकडे जाते. आठ-दहा वर्षांचे मूल घरातून निघून, एकही मोठा रस्ता न ओलांडता शाळेत, तिथून वाचनालयात आणि तिथून पोहण्याच्या तलावावर जाऊ शकते. हे वाचताना जेवढे सुखद वाटते त्याहून पाहताना अधिक विलक्षण वाटते, कारण त्या मुलाला त्यात काहीच विलक्षण वाटत नसते.

या कल्पनेचे सर्वांत शुद्ध रूप म्हणजे 'व्हिलेज होम्स' ही वसाहत. मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट या दांपत्याने १९७५ पासून पुढच्या काही वर्षांत ती उभारली. सुमारे अडीचशे घरे, अरुंद सावलीचे रस्ते, सूर्याचा विचार करून मांडलेली घरे. पावसाचे पाणी नळांतून दूर नेण्याऐवजी त्यांनी ते उथळ चरांतून जमिनीवरच वाहू आणि मुरू द्यायचे ठरवले, तेव्हा नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. पुढे जोरदार पावसांत हे चर टिकले. आम्हाला मात्र त्या चरांहून घरांचे तोंड अधिक बोलके वाटले. तिथे मोटारीचा रस्ता घराच्या पाठीशी येतो आणि पायवाट, फळझाडे, सामाईक हिरवळ दर्शनी बाजूला. आपल्या भाषेत सांगायचे तर परसदारालाच मानाचे दार केले आहे. शेजारी भेटतात ते तिकडूनच.

(गाव हिशेबी आहे, पण रुक्ष नाही. मध्यवर्ती उद्यानात लहान मुलांचे चक्री-घोडे आहेत, ते विजेवर नव्हे, पॅडल मारून फिरवतात. १९९५ साली एका उड्डाणपुलाच्या बांधकामात बेडकांच्या स्थलांतराची वाट तुटणार म्हणून त्यांच्यासाठी एक छोटे भुयार खोदले गेले, त्यावर देशभर थट्टा झाली, आणि तिथल्या पोस्टमास्तरांनी भुयाराच्या तोंडाशी बेडकांसाठी इवलीशी घरेही बांधून दिली. भेक भुयार वापरत नाहीत असे म्हणतात. घरे मात्र लोक आवडीने बघायला जातात, आम्हीही गेलो आहोत.)

इथवर सारे गोड आहे. २००५ साली अमेरिकेतल्या सायकल-संघटनेने डेव्हिसला सर्वोच्च, प्लॅटिनम श्रेणी दिली, तो मान मिळवणारे ते पहिले शहर. आणि तरीही १९८० ते २००० या वीस वर्षांत सायकलने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण तिथे घटत गेले होते. वाटा वाढत होत्या, भुयारे वाढत होती आणि टक्का उतरत होता. हे कोडे आम्ही पुस्तकांतून सोडवले नाही. ते आमच्या अंगावरून गेले.

हरितपट्ट्याची जमीन आकाशातून पडत नाही. नवी वसाहत बांधणाऱ्याने आपल्या जमिनीचा सुमारे दशांश हिस्सा हरितपट्ट्याला द्यावा, अशी नगराची नीती. बांधणारा तो देतो आणि घरांच्या किमतीत वसूल करतो. पट्ट्याला पाठ लागून असलेले घर तर आणखीच महाग. त्यावर २००० साली मतदारांनी 'मेझर जे' संमत केले : शेतजमिनीवर नागरी बांधकाम करायचे झाल्यास प्रत्येक वेळी सार्वमत घ्यायचे. २०१० आणि २०२० साली त्याला मुदतवाढ मिळाली. २००५ साली कव्हेल व्हिलेज नावाची मोठी वसाहत मतदारांनी नाकारली, २००९ साली आणखी एक. नीशी नावाच्या जमिनीवरची योजना २०१६ साली पडली, २०१८ साली विद्यार्थ्यांच्या घरांसाठी म्हणून पुन्हा मांडली तेव्हा मंजूर झाली. प्रत्येक नकारामागची कारणे आम्हाला समजतात, काही तर पटतातही. ती सुपीक काळी जमीन एकदा डांबराखाली गेली की परत येत नाही, आणि फुगून गेलेले पुणे आम्ही पाहिलेले आहे. पण गाव लहान ठेवले म्हणून गावात काम करणारी माणसे लहान होत नाहीत. ती वुडलँडला, डिक्सनला, पश्चिम सॅक्रामेंटोला राहायला जातात आणि रोज सकाळी मोटारीने येतात.

आम्हीही गेलो. अकरा वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर घर घ्यायचे ठरले, तेव्हा डेव्हिसमधला भाव ऐकून आम्ही दलालाचे आभार मानले आणि सोळा किलोमीटर उत्तरेच्या वुडलँडमध्ये घर घेतले. ज्या वाटेवरून आमची मुलगी सायकल शिकली ती वाट तिथेच राहिली, आम्ही तिच्या हद्दीबाहेर पडलो. आधी परकीय नागरिक म्हणून मत नव्हते. नागरिकत्व मिळाले तोवर पत्ता बदलला होता. त्या सार्वमतांपैकी एकातही आमचे मत पडलेले नाही, आणि त्यांतले जवळजवळ प्रत्येक आमच्याविषयी होते.

मत नसले तरी तोंड मात्र आहे. कॅलिफोर्नियाचा १९५३चा ब्राऊन कायदा सांगतो की स्थानिक संस्थेच्या सभा उघड्या असाव्यात आणि तिथे जनतेतल्या कुणालाही बोलू द्यावे. 'कुणालाही' या शब्दात वुडलँडकर येतात. आमच्यापैकी एकीचे काम प्रयोगशाळेत आणि पाळी रात्रीची. मोटार गावाच्या उत्तर कडेला ठेवून पुढे घडीच्या सायकलने हरितपट्ट्यातून जायचे, असा तिचा क्रम. हिवाळ्यात तुले धुके उतरते तेव्हा त्या वाटेवर हातभर पुढचे दिसत नाही. म्हणून एका वाटेवर दिवे लावण्याचा विषय निघाला, तेव्हा आम्ही सभेला गेलो आणि वाट्याला आलेली तीन मिनिटे बोललो.

पाठ लागून असलेल्या घरांतले लोकही आले होते. खिडकीत उजेड येतो, झोप मोडते, घुबडांना त्रास होतो. एक वृद्ध बाई म्हणाल्या की या पट्ट्यात त्या चाळीस वर्षे रात्री फिरत आल्या आहेत आणि तारे दिसतात म्हणून फिरतात. त्यांचे बोलणे ढोंगी नव्हते, हीच अडचण होती. बाग म्हणून पाहिले तर अंधार हा तिचा अलंकार, रस्ता म्हणून पाहिले तर तो दोष. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या दोहोंचे लग्न लावले त्यांनी विद्यार्थी, मुले आणि प्राध्यापक डोळ्यांपुढे ठेवले होते, मध्यरात्री बाहेरगावाहून येणारी मजूर-माणसे नव्हे. विजेवर चालणाऱ्या सायकलींनी हा पेच अधिक घट्ट केला आहे. लांबून येणाऱ्याला त्यांनीच सोळा किलोमीटर आवाक्यात आणून दिले, आणि त्यांच्याच वेगाने फिरायला निघालेले आजोबा दचकतात.

त्या संध्याकाळी काही ठरले नाही. पुढे वाटेच्या वळणांवर गुडघ्याच्या उंचीचे, खाली उजेड टाकणारे थोडे दिवे आले. बाईंना तारे दिसतात, आम्हाला वळण दिसते. दोघांनाही थोडे कमीच मिळाले आहे.

राहिला आहे तो मधला भाग. हरितपट्टा नगराच्या हद्दीशी संपतो आणि तिथून काउंटीचा रस्ता क्रमांक १०२ सुरू होतो. सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना शेते. जुलै ते सप्टेंबर टोमॅटोने काठोकाठ भरलेले ट्रक त्यावरून धावतात, वळणावर चार-दोन टोमॅटो सांडतात आणि कडेच्या पांढऱ्या रेषेवर त्यांचा लाल चिखल होतो. त्या रेषेच्या आतून सायकल चालवता येते, आमच्यापैकी एकजण उन्हाळ्यात चालवतोही, दुसरी त्याला चालवू देत नाही. दोन गावांना जोडणाऱ्या स्वतंत्र सायकलवाटेची चर्चा अनेक वर्षे चालू आहे. तिच्यासाठी जमीन शेतकऱ्यांची लागेल, पैसा काउंटीचा, आणि उपयोग होईल तो बहुतांशी अशा लोकांना जे एका गावात राहतात आणि दुसऱ्यात राबतात. अशांचा कुठल्याच परिषदेत खास कुणी प्रतिनिधी नसतो. काउंटीच्या सभेतही बोलायला तीन मिनिटेच मिळतात. सभा दिवसा, कामाच्या वेळेत असते, त्यामुळे आमच्यापैकी जी रात्रपाळी करते तिनेच जायचे, असे घरात ठरले आहे.