उत्तरं देणाऱ्यांचं देणं

पाहणीच्या शेड्यूलच्या, म्हणजे छापील प्रश्नपत्रिकेच्या, पहिल्या पानावर कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायला जागा असायची. गावोगाव भरलेली शेड्यूलं पुण्याला आली, छाननी झाली, कोड पडले, की ते नाव मागं राहायचं आणि पुढं क्रमांक तेवढा जायचा. ते योग्यच होतं. नाव कुणाला कळू देणार नाही, असा शब्द आम्ही उंबऱ्यावरच दिलेला असे. पण गोखले अर्थशास्त्र संस्थेतली नोकरी आठवू लागलो की क्रमांक एकही आठवत नाही, नावंच आठवतात, आणि नेमकी तीच लिहायची नाहीत. म्हणून नावांवाचून लिहितो.

मी संस्थेत लागलो तेव्हा वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास नुकताच, 1971 साली, प्रसिद्ध झाला होता. माणसाला दिवसाकाठी 2250 कॅलरी मिळायच्या, तर त्यानं एकूण किती खर्च करायला हवा, हा त्यांचा प्रश्न. उत्तर होतं : 1960-61च्या भावानं खेड्यात माणशी महिना सुमारे 15 रुपये आणि शहरात सुमारे साडेबावीस. एवढाही खर्च ज्यांच्या आवाक्यात नाही असे लोक खेड्यात 40 टक्के, शहरात 50 टक्के. देशभर या आकड्यांवर वाद पेटला होता. मी नवखा, मला भलतंच कुतूहल. हे आकडे राष्ट्रीय नमुना पाहणीतून आले होते, म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी ओसरीवर बसून ‘गेल्या महिन्यात मीठ किती लागलं?’ असं विचारलं असणार. ते कसं विचारतात?

ते मला शिकवलं एका वयस्कर सहकाऱ्यांनी. पद छोटं, पण धनंजयराव गाडगिळांच्या हाताखाली घडलेले. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी मला कायम ‘अहो’. संस्था 1930 साली रावबहादूर काळे यांच्या देणगीवर भारत सेवक समाजानं सुरू केली, आणि पहिल्या दिवसापासून 1966पर्यंत गाडगीळच संचालक. त्यांनी अभ्यासाला घेतलेले विषय पाहा. पुण्याचा फळबाजार. मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतली मोटारबस वाहतूक. वाई तालुक्यातली शेती. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे फायदे. केंब्रिजला शिकून आलेल्या माणसानं संत्र्या-मोसंब्यांच्या दलालीत डोकं घालावं, हे तेव्हा किती जणांना रुचलं असेल कोण जाणे. पण कालव्यांचा हिशेब मांडणारा हाच माणूस प्रवरेकाठच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. अभ्यास आणि काम यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातलीच नाही.

सहकाऱ्यांची पहिली शिकवण मापाची. ‘‘पायली म्हणजे किती, हे कोष्टकात बघू नका. त्या घरातलं माप मागा.’’ पायली तालुक्यागणिक बदलते, एकाच गावात धान्य घ्यायची वेगळी आणि द्यायची वेगळी निघते. ते बाईंकडून माप मागवत, ज्वारीनं शिगोशीग भरायला लावत आणि पिशवीतला काटा काढून वजन करत. दुसरी शिकवण जागेची. कुळकायद्याच्या अंमलबजावणीवर दांडेकर आणि खुदानपूर यांचा अहवाल 1957 साली आला. कुळांनी ‘राजीखुशीनं’ सोडलेल्या जमिनींत राजीखुशी कितपत होती, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्या काळातलं सहकारी सांगत, की जमीनमालकाच्या ओसरीवर कूळ काय बोलणार? ते कुळाला म्हणायचे, ‘‘चला, तुमची विहीर दाखवा.’’ बांधावर गेल्यावर बोलणं निराळं निघायचं. त्या कुळांना बोलून मिळणार काहीच नव्हतं, जाणार मात्र बरंच काही होतं. तरी ती बोलली.

मी स्वतः ज्या माणसाचं सर्वांत जास्त देणं लागतो ती खटाव तालुक्यातली एक शेतमजूर बाई. बहात्तरचा दुष्काळ. गावातले धडधाकट लोक खडी फोडायला, बंडिंगला गेलेले. कामावर सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो ज्वारी. बाई दिवेलागणीला परतल्या, चूल पेटवली आणि भाकरी थापता थापता आमच्या प्रश्नांना उत्तरं देत बसल्या. तेल किती, गूळ किती, रॉकेल किती, विडीकाडी किती. धन्य त्या बाईंची. मिरच्या किती विचारल्यावर हसून म्हणाल्या, ‘‘मिरच्या मोजून खात न्हाई लेकरा, मिरच्या हायत म्हून भाकर जाती.’’ तरी अंदाज दिलाच.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत त्या शाळेच्या पडवीत हजर. आम्ही तिथंच मुक्काम ठोकला होता. कामावर जायच्या वाटेतून वाकडी वाट करून आल्या होत्या. ‘‘काल येक सांगायचं ऱ्हायलं. शेजारणीकडनं अधोलीभर जोंधळं उसनं आणल्यात. ते माज्या खर्चात धरू नगा. ते माजं न्हाईत.’’

मी सहकाऱ्यांकडे पाहिलं. ते उठून बसले आणि म्हणाले, ‘‘बाई, ते तुम्ही खाल्ले ना? मग खर्चात येणार.’’

‘‘आन फेडीन तवा?’’

‘‘तेव्हा ते फेडीत लिहायचे.’’

‘‘मग फेडल्यालं बी खर्चात धरशीला. येकच जोंधळं म्या दोनदा कसं खाईन?’’

सहकारी खूश झाले. मुकादम हजेरी मांडायच्या आत बाईंना पोचायचं होतं, म्हणून ते त्यांच्याबरोबर चालत निघाले आणि वाटेनं सगळं समजावलं. खाल्लं ते खर्चात एकदाच धरायचं. उसनं आणलं ते कर्जाच्या रकान्यात. फेड झाली की कर्ज उतरतं, खर्च वाढत नाही. बाईंनी दोन शंका काढल्या, दोन्ही रास्त. पुढं नव्या पोरांना शिकवताना उपभोग आणि कर्ज यांतला फरक मी याच अधोलीवर समजावत आलो. पाठ्यपुस्तकात इतकं सोपं उदाहरण मला मिळालं नाही.

पुण्यात मग त्या अधोलीचे किलो झाले, किलोंचे रुपये, हिशेबाच्या फॅसिट यंत्राची मूठ फिरली आणि कोष्टकातल्या कुठल्याशा रकान्यात बाई जाऊन बसल्या.

काही वर्षांनी कॅलरींवरचा मोठा वाद आला. पां. वा. सुखात्मे म्हणाले, एकाच निरोगी माणसाचं खाणं दिवसादिवसाला बदलतं, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. तेव्हा सरासरी गरजेची रेघ ओढून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी म्हणणं संख्याशास्त्राला धरून नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हतं आणि त्यांनी ते त्यांच्या खास धारेनं लिहिलं. संख्याशास्त्रात दोघंही पक्के. सुखात्मे तर मूळचे खटावातल्याच बुधचे. आम्ही जेवणाच्या सुट्टीत दोन तट पाडून भांडायचो. सुखात्म्यांचं गणित मला कळायचं, पटायचंही, पण मत मी दांडेकरांच्या बाजूनं द्यायचो. शरीर जुळवून घेतं, कबूल. तेवढ्या खाण्यावर दिवसभर खडी फुटते का, हे त्या गणितात कुठं बसतं, ते मला कधी नीट सापडलं नाही.

या नोकरीनं मला पगार दिला, कोथरूडला दोन खोल्या झाल्या, मुलींची शिक्षणं झाली. संस्थेला 1993 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, अहवालांच्या प्रस्तावनांमधून आम्हा फील्डवाल्यांचे आभारही छापून आले. शेतीचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मेहनत मजुरीच्या दरानं धरायची, हे आमच्याकडं शिपायालाही तोंडपाठ. मात्र उत्तर देणाऱ्याचा वेळ कुठल्याच अंदाजपत्रकात आला नाही. सहकारी निवृत्त व्हायच्या सुमाराला मी त्यांना हे विचारलं. बाई त्या दिवशी उशिरा पोचल्या असत्या तर त्यांचा खाडा पडला असता, तो कुणाच्या खात्यावर?

‘‘धरायला हरकत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण मग एकही पाहणी परवडायची नाही. आणि तुम्ही तिला पैसे देऊ केले असते ना, तर जोंधळ्यांचं सांगायला ती आलीच नसती.’’

त्यांचं पहिलं वाक्य मला पटलं. दुसऱ्यावर आम्ही बराच वेळ वाद घातला.