अंगाएवढं घर

गेल्या जानेवारीत आमच्या कॉलेजातले आम्ही सहा जण हिमाचलात, मनालीच्या वरच्या अंगाला, दहा दिवसांच्या हिवाळी शिबिराला गेलो होतो. बर्फात अडकलं तर जीव कसा राखायचा, हे तिथे शिकवतात. आम्हा बेळगावकरांची थंडी ती केवढी! डिसेंबरात पहाटे धुकं पडतं, कानटोपी निघते, चहाच्या गाड्यावर गर्दी होते आणि दहा वाजता स्वेटर दप्तरात जातो. शिबिराची फी भरायला आईने भिशीतले पैसे काढून दिले, पण तिला हसू आवरेना. "बर्फात घर बांधाया शिकायचं, आन् वर पैसे बी आपणच द्यायचे व्हय?"

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, जंगलात हरवलात तर आधी काय शोधाल? कुणी पाणी म्हणालं, कुणी लाकडं, एकाने मोबाईलची रेंज म्हणून सांगितलं. सर म्हणाले, "पहले छत." मग त्यांनी फळ्यावर तीनाचा हिशेब मांडला. हवेवाचून माणूस साधारण ३ मिनिटं तग धरतो, कडाक्याच्या थंडीत आडोशावाचून ३ तास, पाण्यावाचून ३ दिवस आणि अन्नावाचून ३ आठवडे. हा काही काटेकोर नियम नाही, पण कशाच्या आधी काय करायचं ते त्यातून कळतं. आपण मात्र घाबरलो की नेमकं उलट करतो. भूक लागेल म्हणून धावपळ करतो, घाम गाळतो, आणि त्याच घामाने रात्री गारठतो.

थंडी माणसाला कशी मारते, हे मी पहिल्यांदा तिथे नीट ऐकलं. आपल्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग बोटांनी गुंडी लागत नाही, जीभ जड होते, माणूस अडखळतो, भलतंसलतं बोलतो. काकडणं वाईट नव्हे, ते शरीराचं काम चालू असल्याचं लक्षण आहे. गारठलेला माणूस ऊब न मिळताच काकडायचा थांबला, तर घाबरायचं. आणि ओल ही थंडीची सख्खी बहीण. पाणी अंगातली ऊब हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. म्हणून सुती कपडा तिथे बाद, लोकर चालते. तहान लागली तरी बर्फ चोखायचा नाही, कारण तो वितळवायला अंगातलीच ऊब खर्च होते.

पण बर्फ मारतो तसा राखतोही. सरांनी हणमंतप्पा कोप्पद यांचं नाव घेतलं आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "आपकी तरफ के थे." आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हणमंतप्पा. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये, १९,००० फुटांहून उंच असलेल्या चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. सहाव्या दिवशी खोल बर्फाखालून हणमंतप्पा जिवंत निघाले. ११ तारखेला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं, बाकीचे नऊ जण तर आधीच गेले होते. वर्गात बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

पाचव्या दिवशी आम्ही बर्फाचं घर केलं. जागा निवडण्यातच तास गेला. हिमकडा येईल असा उतार डोक्यावर नको, बर्फाने वाकलेली फांदी वर नको, आणि ओढ्याकाठचा खोलगट भाग नको, कारण गार हवा जड असते, ती पाण्यासारखी खाली उतरून साचते. मग फावड्यांनी बर्फ ओढून आमच्या डोक्याच्या वर जाईल एवढा ढीग केला. भुसभुशीत बर्फ लगेच पोखरला तर बसतो, म्हणून दोनेक तास तसाच ठेवला. तेवढ्यात त्याचे कण एकमेकांना धरतात आणि ढीग घट्ट होतो. नंतर फूटभर लांबीच्या काटक्या बाहेरून सगळीकडे खुपसल्या. आतून पोखरताना काटकीचं टोक दिसलं की हात थांबवायचा. मग भिंत सगळीकडे सारखी फूटभर जाड राहते. किती साधी, किती हुशार युक्ती! पोखरायचं कामही पाळीपाळीने, घाम येऊ न देता, सावकाश.

छत आतून गुळगुळीत करायचं, म्हणजे वितळलेलं पाणी अंगावर न टपकता भिंतीवरून ओघळतं. झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवायचा, म्हणजे गार हवा खाली दाराशी राहते. छताला हात जाईल एवढं भोक ठेवायचं आणि रात्री उठून ते बुजलं नाही ना, ते बघायचं, नाहीतर कोंडलेली हवाच जीव घेते. फावडं आत घेऊन झोपायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अंगाखाली जाड अंथरूण. आम्ही खालच्या गावातून सुक्या गवताचे भारे आणले होते. तिथली जुनी घरं लाकूड आणि दगडाच्या थरांची असतात. खाली गुरं, वर माणसं, म्हणजे गुरांची ऊब वर येते.

मी म्हटलं, घर जरा मोठं करूया, सामान मावेल. सर म्हणाले, इथे चूल नाही, शेगडी नाही. तुमचं अंग हीच शेगडी. ती जेवढं तापवू शकते तेवढंच घर करा.

त्या रात्री आम्ही तिघी त्या घरात झोपलो. सकाळी बाहेर उणे ९, आत शून्याच्या जवळ. ऊब म्हणावी असं काही नव्हतं, पण आम्ही धड उठलो आणि बोटं हलत होती. दोन रात्री अशा काढल्या.

घरी आल्यावर आई भाकऱ्या थापत होती आणि मी तिला हे सगळं सांगत होते. गवताच्या अंथरुणापाशी आले तशी ती म्हणाली, "अगं, पाचट हातरल्याबिगर कोण झोपतंय?"

आजी-आजोबा बीडचे. दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला बेळगाव जिल्ह्यात ऊसतोडीला यायचे. नंतर आजोबा इथेच एका शेतकऱ्याकडे सालगडी राहिले आणि आम्ही बेळगावचे झालो. एवढं मला माहीत होतं. कोपीतल्या दिवसांबद्दल आई कधी बोलली नव्हती आणि घरात कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी ती बोलली, आणि मी शिबिराची वही आणून पानं उलटत बसले.

कोपी ओढ्याकडेला घालायची नाही, खाली गारठा उतरतो. तोंड वाऱ्याला करायचं नाही. बांबूच्या कामट्या वाकवून वर पाचट आणि चटई टाकायची, पण कोपी मोठी करायची नाही, "मोठी केली की ऊब थांबती कुठं?" खाली पाचट एवढं की बसलं तरी वीतभर राहिलं पाहिजे. विस्तव आत नाही, पाचटाला एक ठिणगी पुरते. माझ्या वहीतली एकेक ओळ ती भाकरी उलटता उलटता सांगत होती, आणि वहीत नव्हतं तेही.

एका डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची, धाकटा मामा दीड वर्षाचा. कोपी गळाली, पाचट भिजलं. आजोबांनी रात्रभर प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून ठेवला. आजीने खाली वाढ्यांच्या पेंढ्या रचून ओटा केला, मामाचं ओलं झबलं काढलं आणि त्याला उघड्या अंगाशी धरून वर सगळं सुकं गुंडाळलं. पहाटेकडे तो काकडायचा थांबला. "तवा मातुर आई भ्याली. त्याला झोपूच देईना. चिमटं काढून काढून रडवत ठेवला." उजाडलं, ऊन पडलं, मामा दूध प्याला. आज तो ट्रक चालवतो.

"मग सकाळी?" मी विचारलं.

"सकाळी काय? फडात. उचल घेतलेली असती."

आम्ही दोन रात्री राहिलो, आईचं लहानपण दरवर्षी पाच-सहा महिने तिथे गेलं. आमच्याजवळ तापमापक होता, सर रात्री दोनदा हाक मारून जायचे, खाली गाडी उभी होती. आजीने जे केलं ते तिला कुणी शिकवलं, हे आईलाही सांगता येत नाही. शिबिरात शिकलेलं मी हलकं मानत नाही. डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने ते शिकावं, आमच्या सरांनी तर जीव ओतून शिकवलं. पण जीव राखण्याची विद्या हौसेने शिकणारे आम्ही आणि गरजेने शिकणारी आजी, यांत परतीचं तिकीट फक्त आमच्याकडे होतं.

यंदा दिवाळीनंतर मी आणि आई मावशीकडे बसने निघालो होतो. एका फडाच्या कडेला नव्या कोप्या पडल्या होत्या. आई खिडकीतून बघत म्हणाली, "ती कडंची बघ, उगवतीला तोंड केलंय. पहाटंचा वारा सगळा आत. नवी माणसं दिसत्यात." पुढचा थांबा आमचा नव्हता. तरी ती पिशवी उचलून उठली. मीही तिच्या मागोमाग उतरले.